घोंगड्या बोलत नाही

३ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून रोजनिशी. पुढेमागे माझ्यावर कोणी पुस्तक लिहायला बसलं तर त्याची पंचाईत व्हायला नको. तोवर हिला कोणी हात लावायचा नाही. अनुपमानेही नाही. बायको असली म्हणून काय झालं.

कारण तसंच मोठं आहे. काल पुण्याहून फोन. काजल म्याडम. ॲनिमेशन कंपनी. ते 'घोंगड्या'वर कार्टून सिरीज काढणार! आपला घोंगड्या! काळी घोंगडी पांघरून, कापसाच्या गाडीत लपून गावोगाव फिरणारा, काटा मारणाऱ्या अडत्यांना आणि भेसळवाल्यांना लोळवणारा. या चित्रकथेचे चाळीस अंक निघाले, पण चाळीस अंकांत गडी एक शब्द बोलला नाही. सगळ्यांच्या तोंडापुढे फुगे, याच्या तोंडापुढे मोकळी हवा. आमचं बालपण म्हणजे हाच.

म्याडमने विचारलं, सर, तुमच्याकडे संपूर्ण संच आहे ना? फेसबुकवर मीच तसं टाकलं होतं. म्हणालो, अर्थात.

संपूर्ण म्हणजे अंक एक, तीन, पाच, सात असे. दोन, चार, सहा, आठ नांदुऱ्याला धम्मरत्नकडे आहेत. तांत्रिक बाब. शाळेत असताना आम्ही दोघं मिळून नांदुऱ्याच्या स्टँडवरून अंक घ्यायचो, तेव्हाच ठरलं होतं, विषम माझे, सम त्याचे. प्रत्येक गोष्ट दोन अंकांची. पहिल्यात घोंगड्या अडकतो, दुसऱ्यात सुटतो. म्हणजे गेली तीसेक वर्षं अडकायचे सगळे अंक माझ्या कपाटात आणि सुटायचे सगळे धम्माच्या. म्हणून दर बुद्ध पौर्णिमेला मी माझे घेऊन त्याच्याकडे जातो, रेणुकावहिनींच्या हातची खीर खातो आणि आम्ही गोष्टी पूर्ण करतो.

संकल्प: धम्माकडून अंक आणणे. पुढे संच एकाच ठिकाणी असलेला बरा, असं त्याला हळूच पटवणे. ठिकाण माझं.

९ फेब्रुवारी
नांदुऱ्याला जाऊन आलो. धम्मा बाजार समितीत लिपिक आहे, रविवारी घरीच असतो. वाटलं होतं का-कू करेल. त्याने ट्रंक उघडली, अंक जुन्या सुती धोतरात गुंडाळलेले, गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाला, एखांदं फाटलं तरी चालते, पण घोंगड्याले बोलू देऊ नको. तेवढं सांगजो त्याइले.

मी म्हणालो, हा काय शब्द झाला? मी, हिंमतराव, असताना?

त्याचं बरोबरच आहे. लहानपणी धम्माचा शब्द अडायचा. गुरुजी हजेरी घेत, हा 'हजर' म्हणेस्तोवर पुढच्याचं नाव निघून जाई. पोरं हसत. मग त्याची हजेरीही मीच द्यायचो. पण अंक वाचायला बसलो की बाकीच्यांचे फुगे मी वाचायचे आणि घोंगड्या धम्माने करायचा. फुगा नाही, त्यामुळे लिहिलेलं काही नाही. तो मनचंच बोलायचा. धडाधडा. एकदाही न अडता. आजही तसंच. समितीत साधं 'पुढे सरका' म्हणताना अडेल, पण घोंगड्या करताना कधीच नाही.

असो. गठ्ठा मिळाला, हे महत्त्वाचं.

१७ फेब्रुवारी
अंक कुरिअर केले. सगळे. व्हिजिटिंग कार्डं छापायला टाकली. 'हिंमतराव, क्रिएटिव्ह सल्लागार.' खाली बारीक अक्षरात दुकानाचं नाव आणि 'सर्व शाळांचे युनिफॉर्म मिळतील.' अनुपमा म्हणाली, त्याइनं तुमाले सल्लागार म्हटलं कधी? मी म्हणालो, म्हणायचं कशाला, कळतं ते.

५ मार्च, दुपारी
काजल म्याडमचा फोन. बराच वेळ बोललो, गिऱ्हाईक उभं होतं. उभं राहू दे. म्हणाल्या, सर, 'घोंगड्या' हे नाव बाहेरच्या मुलांना उच्चारायला जड जातंय. मी म्हणालो, नाव तसं जुनंच आहे. मग विचारलं, घोंगडी हवीच का? मी गमतीने म्हणालो, आमच्याकडे उन्हाळ्यात घोंगडी पांघरली तर माणूस संध्याकाळपर्यंत टिकायचा नाही. त्या खूप हसल्या. विनोदबुद्धी असलेली बाई.

शेवटी म्हणाल्या, सर, तुम्ही म्हणाल तसं.

हे वाक्य मला घरात, दुकानात, सासुरवाडीत कधी कोणी ऐकवलेलं नाही. कानाला बरं वाटलं. रेकॉर्ड करते हं सर, असंही म्हणाल्या. करा म्हणालो.

११ मार्च
पुन्हा फोन. प्रश्न: त्याला आई आहे का? उत्तर: असेलच की, तो काय आभाळातून पडला? प्रश्न: कापसाची गाडी आजच्या मुलांना कळेल का? उत्तर: माझ्याच मयुरीला कळत नाही, ती कॉलेजात आहे. प्रश्न: तो बोलत का नाही?

इथे मी थांबलो. धम्माची अट आठवली. पण म्याडमचा सूर असा होता की याला माहीतच नसणार. म्हणून म्हणालो, बोलायला त्याला काय धाड भरली? बोलू द्या की.

अट मोडली असं म्हणता येणार नाही. ती पुस्तकापुरती होती. ॲनिमेशन हे वेगळं माध्यम. शिवाय ते माझं ऐकतीलच असं थोडंच आहे.

२ एप्रिल
फोन नाही. कामात असतील.

२० एप्रिल
फोन नाही. कार्डं वाटून संपली. पुन्हा छापायला टाकली. व्हॉट्सॲपवर 'घोंगडी परिवार' नावाचा ग्रुप काढला. मेहकरपासून मलकापूरपर्यंतचे जुने वाचक मिळाले. सगळे मला 'सल्लागार साहेब' म्हणतात. मी नको म्हणतो, पण हळू आवाजात.

१२ मे, बुद्ध पौर्णिमा
नांदुरा. खीर. अंक पुण्याला, त्यामुळे यंदा वाचन नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नुसते बसलो. पंखा फिरत होता. धम्मा मध्येच म्हणाला, मले त त्या दिवसाची फार वाट आहे. मोठ्या पडद्यावर तो गप उभा राहीन, अन् मी इकडून मनात बोलत जाईन.

मग विचारलं, गपच ठेवला ना बे त्याले?

मी म्हणालो, हाव. एकदम गप.

हे खोटं नव्हे. मला माहीतच नाही. माहीत नसलेलं खोटं कसं असेल? वहिनींनी दुसरी वाटी दिली. ती मात्र संपवली नाही, उन्हामुळे.

२८ मे
ट्रेलर आला. नाव 'कॅप्टन ब्लँकेट'. घोंगडी दिसली नाही, अंधारात असावी. एका शॉटमध्ये त्याचं तोंड उघडं आहे. आवाजाच्या जागी म्युझिक. जांभई देत असणार. रात्ररात्र जागणारा माणूस.

धम्माला ट्रेलर पाठवला नाही. त्याची मजा जाईल.

संकल्प: सहा जूनला पहिला भाग ॲपवर येणार. आपण सगळ्यांनी मिळून प्रोजेक्टरवर बघायचा. माणिकराव आपलं मंगल कार्यालय द्यायला तयार. ते स्वतः घोंगड्याचे चाहते, शिवाय त्यांना पुढे नगरपालिकेला उभं राहायचं आहे.

२ जून
माणिकरावांनी माझ्या दुकानावर फ्लेक्स लावला. न विचारता. मी, कोट घातलेला. कोट माझा नाही, डोकं माझं आहे. शेजारी कॅप्टन ब्लँकेट. खाली: 'खामगावच्या शिरपेचात मानाचा तुरा! कॅप्टन ब्लँकेटचे जनक-सल्लागार मा. हिंमतराव यांचे हार्दिक अभिनंदन!' त्याखाली माणिकराव, माझ्यापेक्षा मोठे.

फ्लेक्स शटरच्या वर पत्र्याला असा ठोकलाय की काढायचा तर पत्राच काढावा लागेल. काढायचा प्रश्न येतोच कुठे म्हणा. छान दिसतोय.

६ जून, सकाळ
आज. परीटघडीचा शर्ट. भाषण पाठ. धम्मा नांदुऱ्याहून बसने निघाला. समितीतून अर्धी रजा घेतलीय. म्हणाला, मी तुह्याजवळच बसतो.

६ जून, संध्याकाळ
लिहायला हात वळत नाही. तरी क्रमाने.

माणिकरावांनी आम्हा दोघांना पहिल्या रांगेत सोफ्यावर बसवलं. मध्ये मी, एकीकडे ते, एकीकडे धम्मा. शाल, नारळ, गळ्यात हार. नारळ मांडीवर. पडदा नीट दिसावा म्हणून दारं-खिडक्या बंद, आणि पोरं ये-जा करतात म्हणून बाहेरून कडी. हॉल गच्च.

सुरू झालं. अंधार. पावलं. आणि एक पोरगा उडत येतो. जाकीट. जाकिटाला दिवे. आणि म्हणतो, हाय फ्रेंड्स, मी आहे तुमचा लाडका कॅप्टन ब्लँकेट!

पहिल्याच सेकंदाला.

धम्माने माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे पाहिलं. आयुष्यात कुठलीच गोष्ट मी इतकं लक्ष देऊन पाहिली नसेल.

मग तो थांबलाच नाही. उडताना बोलतो, मारताना बोलतो, कोणी नसताना स्वतःशी बोलतो. गाणं म्हणतो. ऐन मारामारीत आईचा व्हिडिओ कॉल येतो, जेवलास का रे बाळा. गुंड थांबतात. कापसाची गाडी नाहीच, त्याऐवजी उशीसारखं काहीतरी उडतं. मला उठायचं होतं. हार, शाल, नारळ, दोन्ही बाजूला माणसं, दाराला कडी. माणिकराव दर दोन मिनिटांनी माझ्या मांडीवर थाप मारून, वा सल्लागार, वा! मागून पोरं टाळ्या वाजवतात आणि मोठी माणसं खोकतात. धम्मा पहिल्या गाण्यानंतर पडद्याकडे बघतच नव्हता. स्वतःच्या हातांकडे बघत होता.

शेवटी नावं आली. 'कथा-सल्ला: हिंमतराव सर, खामगाव.' सगळ्यात आधी. सगळ्यात मोठ्या अक्षरात. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

दार उघडल्यावर धम्माने माणिकरावांच्या माणसांना खुर्च्या उचलायला मदत केली. मग जेवायलाही न थांबता स्टँडकडे गेला.

७ जून
शांत डोक्याने विचार केला. त्या कंपनीत एकजात गाढवं भरली आहेत. कोणाच्या डोक्यातून निघालं ते जाकीट? घोंगडी कोणाला जड झाली? आणि आई! कोण तो अक्कलवंत ज्याला घोंगड्याला आई हवी होती? सापडला तर विचारणार आहे.

धम्माला फोन केला. उचलला नाही. समितीत मिरचीची आवक असेल.

१० जून
'घोंगडी परिवार'वर वातावरण वाईट. मेहकरचे एक निवृत्त मास्तर लिहितात, सल्लागार साहेब झोपले होते काय? शेगावच्या एकाने घोंगडीला हार घातलेला फोटो टाकला. मी लिहिलं, 'मित्रांनो, मी सुरुवातीपासून विरोधात होतो. माझं ऐकलं गेलं नाही.' चोवीस जणांनी हात जोडले. धम्माने मेसेज वाचला. वाचणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव दिसलं. हात जोडले नाहीत.

इकडे दुकानात युनिफॉर्मचा सीझन. पोरं फ्लेक्सकडे बोट दाखवून आत येतात आणि गाणं म्हणतात. मापं घेताना म्हणतात. एका पोराने विचारलं, काका, त्याचं जाकीट आहे का? मी म्हणालो, या दुकानात ते जाकीट कधीच मिळणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

अनुपमा म्हणाली, फ्लेक्स काढून टाका ना मंग. मी माणिकरावांना फोन केला. म्हणाले, राहू द्या, लोकं वाचून राह्यले. मग स्वतः शिडी लावली. पत्रा हलायला लागला, उतरलो.

१३ जून
जाकिटं आली आहेत. मी मागवली नाहीत. म्हणजे मागवली, पण घाऊकवाल्याने आग्रह केला. लहान साइझ संपली.

१४ जून
'मेकिंग ऑफ कॅप्टन ब्लँकेट'. ॲपवर. काजल म्याडम खुर्चीत बसून सांगतात, आम्हाला भीती होती की जुने फॅन्स नाराज होतील, पण आमचे हिंमत सर इतके मॉडर्न विचारांचे! आणि मग माझा आवाज. खाली अक्षरं पण. 'आमच्याकडे उन्हाळ्यात घोंगडी पांघरली तर...' हशा. 'असेलच की, तो काय आभाळातून पडला?' हशा. आणि मग, 'बोलायला त्याला काय धाड भरली? बोलू द्या की.' टाळ्या.

मागे गाडी रिव्हर्स घेतल्याचा आवाजही येतो. आमच्याच गल्लीतला.

दुपारपर्यंत ती क्लिप ग्रुपवर. मेहकरच्या मास्तरांनी टाकली. वर एक शब्दही लिहिला नाही.

१५ जून
ग्रुपवर लिहिलं, 'हल्ली एआयने कोणाचाही आवाज बनवता येतो. सावध राहा.' मयुरीला विचारलं, असं होऊ शकतं ना? ती म्हणाली, होऊ शकते बाबा, पन 'काय धाड भरली' एआयले कोन शिकवन?

१६ जून
धम्माने ग्रुप सोडला.

१९ जून
पार्सल. अंक परत आले. सगळे, नीट, प्लास्टिकमध्ये. सोबत एक मग, त्यावर जाकीटवाला. अंक मोजायची गरज नव्हती, तरी एकेक करून लावले. विषम एका बाजूला, सम एका बाजूला. धम्माचे अंक त्याच्या धोतरात गुंडाळले. धोतर मी ठेवलं होतं ते बरं झालं.

संकल्प: रविवारी जाऊन देणे. सांगायचं काय ते पाठ करणे. मुद्दा पहिला, माध्यम वेगळं. मुद्दा दुसरा, मुलांना आवडलं आहे. मुद्दा तिसरा, मी सहज बोललो होतो. चौथा मुद्दा सुचत नाही.

२२ जून
नांदुऱ्याला गेलो. धम्मा ओट्यावर बसून भाजी निवडत होता. वहिनींनी चहा दिला आणि आत गेल्या. नेहमी थांबतात.

मी पहिला मुद्दा मांडला. दुसरा मांडला. तो ऐकत होता. तिसरा मांडलाच नाही. गठ्ठा त्याच्यासमोर ठेवला आणि म्हणालो, तुझे.

तो बोलायला गेला आणि त्याचा शब्द अडला. माझ्यासमोर इतक्या वर्षांत असा अडला नव्हता. मी सवयीने त्याचं वाक्य पुरं करायला गेलो. शाळेपासून करत आलोय. त्याने हात वर केला. मी थांबलो. वेळ लागला, पण त्याने स्वतःच पुरं केलं. म्हणाला, घेऊन जाय. आता मले त्याच्यात दुसराच आवाज ऐकू येते.

मी म्हणालो, पुढच्या पौर्णिमेला बसू, तोवर विसरशील. तो हसला. रागावला असता तर काहीतरी बोलता आलं असतं. त्याने गठ्ठ्याची गाठ नीट बांधून माझ्या हातात दिली आणि मेथी निवडू लागला.

बसमध्ये गठ्ठा मांडीवर होता. मला वाईट वाटलं. इथे लपवायचं कोणापासून? फार वाईट वाटलं. मोताळ्याचा एक ओळखीचा चढला, म्हणाला, सल्लागार साहेब! मी खिडकीबाहेर बघितलं.

तरी एक गोष्ट नोंदवून ठेवतो. संपूर्ण संच आता माझ्याकडे आहे.

२३ जून, दुपार
शाळा सुरू. दुकानात गर्दी होऊन गेली. फ्लेक्सचा एक कोपरा सुटलाय, वारा आला की माझं तोंड दुमडतं आणि पुन्हा उघडतं. कॅप्टनचं घट्ट आहे.

काजल म्याडमचा मेसेज: 'सर, सीझन टू! तुमचा सल्ला हवाच.' बराच वेळ टाइप करून पाठवलं, 'त्याला गप्प ठेवा.' उत्तर लगेच आलं, 'हाहा सर, तुम्ही पण ना!'

जेवणाच्या सुट्टीत कपाट उघडलं. सातवा काढला, आठवा काढला. शेजारी शेजारी. कधी नव्हे ते हवं तेव्हा, नांदुऱ्याला न जाता. सातव्यात घोंगड्या कापसाच्या जिनिंगमध्ये अडकतो, बाहेरून कुलूप, अंगावर रुईचा ढीग. पानं उलटली, लगेच आठवा. दोर कापतो, ढीग सारतो, बाहेर येतो आणि मुकादमासमोर उभा राहतो. अख्खं पान. फुगा नाही.

इथे धम्मा काय म्हणायचा ते आठवेना. दर वर्षी वेगळंच म्हणायचा बहुतेक. मी बाकीच्यांचे फुगे पुन्हा मोठ्याने वाचत आलो, मुकादमाचा, हमालांचा, पहारेकऱ्याचा. त्या पानाशी आलो आणि म्हटलं, आपणच काहीतरी म्हणू. तोंड उघडलं. शब्द आला नाही. पुन्हा पहिल्यापासून वाचलं, पुन्हा तिथेच.

अनुपमा आतून म्हणाली, कोनासंग बोलून राह्यले?

मी म्हणालो, कोणाशी नाही.